शिल्लक येणे वजा चार रुपये : अंतिम हिशोबातील कपातींचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

भोसरी औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यातले हे प्रकरण आहे. सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्रांवर वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या या कारखान्यात सुमारे ८० कामगार होते. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत. संबंधित कामगाराला आपण विलास म्हणू. विलास मे २०१७ मध्ये स्टोअरमध्ये मदतनीस म्हणून लागला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये बाहेर पडला, म्हणजे त्याची नोकरी ६ वर्षे ४ महिन्यांची झाली. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये व इतर भत्ते ५,२०० रुपये, असे त्याला महिन्याला एकूण २०,८०० रुपये मिळत.

५ सप्टेंबर रोजी त्याने लेखी राजीनामा दिला आणि नियुक्तिपत्रातल्या अटीप्रमाणे ३० दिवस काम करण्याची तयारी त्याच पत्रात नमूद केली. राजीनामा स्वीकारल्याचे एका ओळीचे पत्र त्याला मिळाले. मात्र २२ सप्टेंबरला, शुक्रवारी, पाळी संपताना व्यवस्थापकांनी त्याला ‘उद्यापासून यायची गरज नाही’ असे तोंडी सांगितले. गेटवर ओळखपत्र जमा करून घेण्यात आले आणि सुरक्षारक्षकाने आपल्या वहीत तशी नोंद करून विलासची सही घेतली. त्या सहीला पुढे किती महत्त्व येणार आहे, हे त्या वेळी दोघांपैकी कोणाच्याच ध्यानात आले नसावे.

अडचण

१० ऑक्टोबर रोजी विलासच्या हातात ‘फुल अँड फायनल’चा, म्हणजे अंतिम हिशोबाचा, एक पानी तक्ता पडला. जमेच्या बाजूला सप्टेंबरमधील १८ दिवसांचे वेतन १४,४०० रुपये, शिल्लक २० दिवसांच्या रजेचे १६,००० रुपये आणि ग्रॅच्युइटीचे (उपदानाचे, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल नोकरी सुटताना मिळणाऱ्या रकमेचे) ५४,००० रुपये, असे एकूण ८४,४०० रुपये धरले होते. हे आकडे कंपनीनेच काढलेले होते आणि ते बरोबरही होते. ग्रॅच्युइटीचे सूत्र सरळ आहे. १५,६०० ला २६ ने भागून १५ दिवसांनी गुणले की एका वर्षाचे ९,००० रुपये होतात. सहा वर्षांवरचे चार महिने सहा महिन्यांपेक्षा कमी असल्यामुळे ते धरले जात नाहीत, म्हणून सहा वर्षांचे ५४,०००.

वजावटीची बाजू मात्र लांबलचक होती. नोटीस कालावधीचे २०,८०० रुपये, स्टोअरमधून कमी आढळलेल्या कार्बाइड इन्सर्ट (यंत्रावर धातू कापणारी छोटी पाती) व दोन मायक्रोमीटरचे (जाडी मोजण्याच्या उपकरणांचे) ३८,६००, प्रशिक्षण खर्चाचे १२,०००, गणवेश व सेफ्टी शूजचे २,४००, उचलीची (पगारापोटी आगाऊ घेतलेल्या पैशांची) बाकी ६,०००, कामगारांच्या सहकारी पतसंस्थेचा हप्ता ३,०००, भविष्य निर्वाह निधीचे १,२९६, व्यवसाय कर २०० आणि कर्मचारी राज्य विम्याचे १०८. एकूण वजावट ८४,४०४ रुपये. तळाशी ठळक अक्षरांत लिहिले होते : कामगाराकडून येणे, ४ रुपये.

सहा वर्षांच्या नोकरीनंतर हिशोब चार रुपयांवर येऊन थांबावा, हा योगायोग मला पहिल्या दिवसापासून खटकत होता. त्याचे कारण पुढे कागदांतच सापडले. तक्त्याखाली ‘माझा संपूर्ण हिशोब मिळाला असून कोणतीही तक्रार नाही’ असा मजकूर छापलेला होता. सही केल्याशिवाय अनुभवाचा दाखला मिळणार नाही आणि सही केली नाही तर चोरीची तक्रार देऊ, असे विलासला सांगण्यात आले. तो त्याच संध्याकाळी आमच्या कामगार सल्ला केंद्रात आला, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न पैशांविषयी नव्हता. दाखल्यावर ‘चोर’ असा शिक्का तर बसणार नाही ना, एवढेच त्याला विचारायचे होते.

कायद्याची चौकट

या काळात वेतन प्रदान अधिनियम, १९३६ लागू होता. महिन्याला २४,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना त्याचे संरक्षण मिळे. ही मर्यादा ऑगस्ट २०१७ मध्ये ठरली होती आणि विलास तिच्या आत होता. या अधिनियमाचा गाभा कलम ७ मध्ये होता. ज्या कपातींना कायद्याने परवानगी दिली होती तेवढ्याच करता येत, बाकीच्या नाहीत. आपल्याकडे अनेक व्यवस्थापक याच्या उलट समजतात. नियुक्तिपत्रात लिहिले म्हणजे कापता येते, असा त्यांचा प्रामाणिक ग्रह असतो. प्रत्यक्षात कलम २३ असे सांगत होते की या अधिनियमाने दिलेला हक्क सोडून देणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो.

नुकसानभरपाईची कपात परवानगी असलेल्या यादीत आहे, पण तिच्याबरोबर अटीही आहेत. वस्तू कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेली असावी लागते, नुकसान थेट त्याच्या हयगयीमुळे किंवा कसुरीमुळे झालेले असावे लागते आणि कलम १० नुसार कपातीपूर्वी त्याला कारणे दाखवण्याची संधी द्यावी लागते. रक्कम प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त असू शकत नाही आणि कपातीची नोंद वेगळ्या नोंदवहीत करावी लागते. सोयी-सेवांच्या बदल्यात करायच्या कपातीबाबत कायदा स्पष्ट म्हणतो की नोकरीच्या कामासाठी लागणारी हत्यारे आणि कच्चा माल या ‘सेवा’ नव्हेत. प्रशिक्षण खर्च तर यादीत कुठेच नाही.

मुदतीचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा होता. मालकाने नोकरी संपवली असेल, तर कमावलेले वेतन दुसरा कामाचा दिवस संपण्याच्या आत द्यावे लागे. कामगाराने राजीनामा दिला असेल, तर हा दोन दिवसांचा नियम या अधिनियमात नव्हता. तिथे नेहमीची पगाराची मुदत लागू होई आणि हजारांहून कमी कामगार असलेल्या कारखान्यात ती पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत असे. रजेच्या पैशांचे मात्र वेगळे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ७९ नुसार कामगार काढलेला असो वा स्वतःहून सोडून गेलेला असो, शिल्लक रजेचे वेतन दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत द्यावे लागे आणि कलम ८२ नुसार ते थकीत वेतन म्हणून वसूल करता येई. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असल्यामुळे ही मुदत रविवारी, २४ सप्टेंबरला संपली होती. कोणत्याही बाजूने पाहिले तरी १० ऑक्टोबरचा तक्ता उशिराच आलेला होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सही करून दाखला घेण्याचा होता. विलासच्या घरच्यांचा कल तिकडेच होता आणि मी त्याला चूक म्हणणार नाही, कारण नव्या नोकरीसाठी दाखला आठवड्याभरात हवा होता. कलम २३ मुळे सही केली तरी हक्क जात नाही, हे खरे. पण ‘तक्रार नाही’ असे लिहून दिलेला कागद समोर असला की पहिले सहा महिने त्याचा खुलासा करण्यातच जातात. अखेर त्याने सही न करता तक्त्याची प्रत घेतली आणि ‘हिशोब मान्य नाही, प्रत मिळाली’ एवढेच लिहून तारीख घातली.

दुसरा पर्याय दिवाणी दाव्याचा होता. पण वेतन प्रदान अधिनियमाखाली वसूल होऊ शकणाऱ्या रकमेसाठी दिवाणी दावा त्याच्या कलम २२ ने अडवलेला होता. तिसरा पर्याय औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम ३३-क (२) खाली कामगार न्यायालयात जाण्याचा. वेतन २४,००० च्या वर असते, तर आम्ही तोच रस्ता धरला असता. चौथा म्हणजे वेतन प्रदान अधिनियमाच्या कलम १५ खालील अर्ज. कपात झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत तो करता येई. बेकायदा कपात परत करण्याबरोबरच कापलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश देण्याचा अधिकार तिथल्या प्राधिकाऱ्याला होता, तर नुसता उशीर झालेला असेल तर ही भरपाई १,५०० ते ३,००० रुपयांच्या दरम्यान असे.

ग्रॅच्युइटी या सगळ्यापासून वेगळी होती. वेतन प्रदान अधिनियमातील ‘वेतन’ या व्याख्येत ती येत नव्हती. तिच्यासाठी उपदान प्रदान अधिनियम, १९७२ खाली नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे स्वतंत्र अर्ज करावा लागे.

निर्णयाचा मुख्य मुद्दा : राजीनामा की बडतर्फी?

हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो, पण संपूर्ण प्रकरण त्याच्यावरच फिरले. २२ सप्टेंबरला व्यवस्थापकांनीच येऊ नका म्हटले, म्हणजे नोकरी मालकाने संपवली, अशी भूमिका घेतली असती तर दोन दिवसांच्या मुदतीचा फायदा संपूर्ण वेतनाला मिळाला असता. तरुण वकील मित्राचा आग्रह याच भूमिकेचा होता. मला तिच्यात धोका दिसला. उपदान अधिनियमाच्या कलम ४ (६) नुसार हयगयीमुळे मालकाच्या मालमत्तेचे नुकसान झाले आणि त्या कारणावरून कामगाराची सेवा संपवली गेली, तर नुकसानीइतकी ग्रॅच्युइटी जप्त करता येई. सेवा मालकाने संपवली असे आपणच ठासून सांगितले असते, तर ‘होय, इन्सर्ट हरवल्यामुळेच काढले’ असे म्हणण्याची वाट आपण कंपनीला उघडून दिली असती. चौकशी आणि आदेश नसल्यामुळे ते म्हणणे टिकले नसते, असे मला आजही वाटते. पण १४,४०० रुपये दोन आठवडे आधी मिळायला हवे होते हे सिद्ध करण्यासाठी ५४,००० रुपयांचा वाद ओढवून घेण्यात अर्थ नव्हता.

म्हणून भूमिका अशी ठरली : विलासने राजीनामा दिला, कंपनीने तो लेखी स्वीकारला आणि उरलेल्या नोटीस कालावधीतून कंपनीनेच त्याला मोकळे केले. गेटवरच्या वहीतील ओळखपत्र जमा केल्याची नोंद याला पुरेशी होती. या भूमिकेतून दोन गोष्टी एकदम साधल्या. राजीनामा स्वीकारलेला असल्यामुळे ग्रॅच्युइटी जप्त करण्याचा आधारच उरला नाही आणि कंपनीनेच लवकर सोडल्यामुळे नोटीस वेतनाचा दावाही सुटला. तसेही त्या २०,८०० रुपयांत अठरा दिवसांची बजावलेली नोटीस अजिबात वजा केलेली नव्हती, म्हणजे कंपनीचा हिशोब तिच्या स्वतःच्या तर्कानेही चुकीचा होता.

केलेली कारवाई

ऑक्टोबरअखेर कंपनीला पहिले पत्र गेले. त्यात मी एक चूक केली. वेतन आणि ग्रॅच्युइटी यांची एकत्र मागणी केली आणि वर दहापट भरपाईचा आकडाही लिहिला. तो आकडा वाचून मनुष्यबळ विभागाने फाइल थेट वकिलाकडे पाठवली आणि बोलणी महिनाभर थांबली. दहापट ही कायद्याने घातलेली कमाल मर्यादा आहे. पहिल्याच पत्रात ती मागितली की समोरच्याला तडजोडीची जागा राहत नाही.

नोव्हेंबरमध्ये सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे झालेल्या बैठकीत कंपनीने इन्सर्टची यादी दाखवली आणि तिथे प्रकरणाला कलाटणी मिळाली. स्टोअरची मोजणी २३ सप्टेंबरला, म्हणजे विलास गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच्या गैरहजेरीत झाली होती. त्या दिवशी लेखा विभागाला गेलेल्या पत्रात तुटीची किंमत ३१,२०० रुपये होती. तक्त्यात तीच ३८,६०० झाली. मधल्या ७,४०० रुपयांचे कारण कोणालाच सांगता आले नाही. बेरीज येण्याइतका आकडा वाढवला गेला, असे मी लेखी कधीच म्हटले नाही. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, तेवढे पुरले.

दुसरी गोष्ट विलासलाच आठवली. रात्रपाळीत स्टोअरला माणूस नसे आणि किल्ली पाळीच्या सुपरवायझरकडे राही. इन्सर्टची डबी काढली की इश्यू स्लिप (माल दिल्याची चिठ्ठी) भरून खिळ्याला लावायची आणि सकाळी विलासने ती बिन कार्डावर (त्या वस्तूच्या साठ्याच्या नोंदपत्रावर) चढवायची, अशी पद्धत होती. सप्टेंबरमधल्या रात्रपाळीच्या स्लिपा मागितल्या, तेव्हा चौदा रात्रींपैकी नऊ रात्रींची एकही स्लिप निघाली नाही. यंत्रे चालू होती, मग इन्सर्ट आले कुठून? ज्या वस्तूची किल्ली दोघांकडे असते, ती एकाच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेली होती असे म्हणता येत नाही. कारणे दाखवा नोटीस दिलेली नव्हती आणि कपातींची नोंदवही तर ठेवलेलीच नव्हती. चोरीच्या तक्रारीचा विषय त्यानंतर पुन्हा निघाला नाही.

तरीही कंपनी हटेना, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये कलम १५ खाली वेतनासाठी आणि नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे ग्रॅच्युइटीसाठी असे दोन स्वतंत्र अर्ज केले. उचल, पतसंस्थेचा हप्ता, निधी, व्यवसाय कर आणि विमा मिळून १०,६०४ रुपयांची कपात आम्ही अर्जातच मान्य केली. उचलीची चिठ्ठी आणि पतसंस्थेच्या हप्त्यासाठी दिलेली लेखी संमती विलासच्याच सहीची होती. रजेचे पैसे बाजूला ठेवून नुसत्या १४,४०० रुपयांच्या वेतनाशी ताडून पाहिले, तर ही कपात सुमारे ७४ टक्के भरत होती. एरवी मर्यादा ५० टक्क्यांची होती, पण कपातीत सहकारी संस्थेची रक्कम असेल तर ती ७५ टक्क्यांपर्यंत जाई, म्हणून तिथे वाद घालण्यासारखे काही नव्हते. जे योग्य आहे ते आधीच मान्य केल्याचा परिणाम सुनावणीत दिसला. मागणी १९,७९६ रुपयांची आहे आणि त्यातला प्रत्येक रुपया कागदावर आहे, हे पहिल्या पंधरा मिनिटांतच स्पष्ट झाले.

निष्पत्ती

दुसऱ्या सुनावणीनंतर कंपनीने तडजोड मान्य केली आणि ती प्राधिकाऱ्यासमोर नोंदवली गेली. वेतन व रजेचे १९,७९६ रुपये, भरपाईचे ६,००० रुपये आणि कोणताही शेरा नसलेला अनुभवाचा दाखला, असे तिचे स्वरूप होते. ग्रॅच्युइटी नोकरी सुटल्यापासून ३० दिवसांत द्यायला हवी होती. ती २२ एप्रिल २०२४ रोजी, १० टक्के सरळ व्याजाच्या दराने सहा महिन्यांच्या २,७०० रुपयांसह मिळाली. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावर कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नव्हती. दोन महिने उलटल्यावर विलासने ती स्वतःच ऑनलाइन भरली.

भरपाई कमी घेतली का, असे काही सहकाऱ्यांनी विचारले. आदेशापर्यंत थांबलो असतो तर कदाचित जास्त मिळाली असती, पण त्यावर अपील झाले असते आणि दाखला त्याच फाइलमध्ये अडकून पडला असता. विलासने दाखला निवडला. निर्णय त्याचा होता आणि तो समजून-उमजून घेतलेला होता.

काय वेगळे करता आले असते

विलासच्या बाजूने सर्वांत मोठी उणीव ताबा देण्याची होती. राजीनामा दिल्यापासून त्याला सतरा दिवस मिळाले होते. त्या काळात स्टोअरची मोजणी मागून सुपरवायझरच्या सहीची यादी घेतली असती, तर ३८,६०० चा आकडा जन्मालाच आला नसता. आमच्याकडून ग्रॅच्युइटीचा अर्ज दोन महिने आधी व्हायला हवा होता. वेतनाच्या बोलण्यांची वाट पाहण्याचे काहीच कारण नव्हते, कारण दोन्ही रस्ते शेवटपर्यंत वेगळेच राहतात. कपातींची नोंदवहीही पहिल्याच पत्रात मागायला हवी होती. ती नाही हे कळायला पाच आठवडे गेले.

कंपनीच्या बाजूने पाहिले, तर इन्सर्ट खरोखर हरवले असण्याची शक्यता मी नाकारत नाही. कार्बाइड इन्सर्ट मुठीत मावतात आणि महाग असतात. पण पहिली तूट दिसली त्या महिन्यात लेखी खुलासा मागितला असता, किल्लीची जबाबदारी पाळीनुसार लिहून ठेवली असती, तर कंपनीला काही तरी वसूल करता आले असते. शेवटच्या हिशोबात एकदम सगळे घालायच्या सवयीमुळे जे कदाचित खरे होते तेही गेले.

आज हेच प्रकरण आले असते तर

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आहे आणि १९३६ चा अधिनियम तिच्यात विलीन झाला आहे. संहितेत २४,००० ची मर्यादा नाही आणि राजीनामा दिलेल्याचे वेतनही दोन कामाच्या दिवसांत द्यावे लागते, त्यामुळे राजीनामा की बडतर्फी हा पेच मुदतीपुरता तरी उरला नसता. अर्जाची मुदत १२ महिन्यांऐवजी तीन वर्षे झाली आहे. नुकसानीच्या कपातीआधी म्हणणे मांडण्याची संधी देण्याची अट मात्र कायम आहे.

एका बाबतीत विलासचा हिशोब वेगळा झाला असता. एकूण कपातीची मर्यादा आता सरसकट ५० टक्के आहे आणि सहकारी संस्थेसाठीची ७५ टक्क्यांची सवलत राहिलेली नाही. म्हणजे उचल आणि पतसंस्थेचा हप्ता एकाच वेळी कापताना आधी हे ठरवावे लागले असते की मर्यादा १४,४०० रुपयांवर मोजायची की रजेचे पैसे धरून ३०,४०० वर. पहिल्या मोजमापाने १०,६०४ रुपयांची कपात मर्यादेबाहेर जाते, दुसऱ्याने ती सुमारे ३५ टक्क्यांत बसते. असे प्रकरण हातात आले तर मी पतसंस्थेकडून बाकीचा दाखला आधीच मागवीन आणि तो हप्ता विलासने थेट संस्थेत भरावा, असे सुचवीन.